अब्दुर्रहमान अल-सूफी आणि माशाच्या तोंडावरचा ढग

मागच्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात एका मुलाने मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की अमेरिकेच्या हबलच्या हजार वर्षं आधी एका मुस्लिम शास्त्रज्ञाने दुसरी आकाशगंगा शोधली आणि युरोपने ही गोष्ट दाबून टाकली. मुलाने विचारलं, सर, खरं आहे का? आम्ही जरा अडखळलो. कारण हाच मेसेज दोन दिवस आधी आम्ही स्वतः खानदानाच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता, न तपासता.

त्या प्रश्नामुळे आम्ही नीट वाचायला बसलो. जे हाती लागलं ते मेसेजमधल्या गोष्टीपेक्षा चांगलं निघालं. म्हणून हा लेख.

त्या शास्त्रज्ञाचं पूर्ण नाव अबुल हुसैन अब्दुर्रहमान इब्न उमर अल-सूफी अल-राझी. राझी म्हणजे रय शहरचे. हे जुनं शहर आज तेहरानला लागून आहे. प्रसिद्ध हकीम जकरिया राझीही इथलेच. अब्दुर्रहमान यांचा जन्म 7 डिसेंबर 903 चा, हिजरी 291 चा मोहर्रम. नावात सूफी असलं तरी जगाला ते तसव्वुफमुळे नाही, तर ताऱ्यांमुळे माहीत आहेत. युरोपातल्या लोकांनी पुढे त्यांच्या नावाचं अझोफी करून टाकलं. चंद्रावरच्या एका विवराला आज हेच नाव आहे.

त्यांच्या लहानपणाबद्दल फार काही सांगता येत नाही. जी माहिती पक्की आहे ती त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतून मिळते, आणि ती प्रस्तावना म्हणजे एका शिक्षकाची तक्रारच म्हणा ना. त्यांचं म्हणणं असं की ताऱ्यांचं ज्ञान सांगणारे लोक दोन प्रकारचे. एक वर्ग यंत्रं, गोल आणि जुनी कोष्टकं घेऊन बसतो. कोष्टकात आकडा आहे म्हणून गोलावर ठिपका देतो, पण वर मान करून तो तारा तिथे आहे का हे बघत नाही. दुसरा वर्ग अरबांच्या जुन्या परंपरेचा. वाळवंटातल्या बदूंनी ताऱ्यांना दिलेली नावं, पावसाची नक्षत्रं, त्यावरचे शेर, सगळं तोंडपाठ. पण यांचंही आकाशाशी पुस्तकातूनच नातं. एकाची नक्कल दुसरा करतो आणि चूक पिढ्यानपिढ्या चालत राहते. शाळेत एकाच्या वहीतली चुकीची बेरीज अख्ख्या बाकावर पसरते, तसंच.

आपल्या सफरीत ते दीनवर गावी गेले होते. तिथे त्यांच्या आधीच्या शतकातले मोठे विद्वान अबू हनीफा दीनवरी राहत. (फिकहवाले इमाम अबू हनीफा वेगळे, गोंधळ नको.) दीनवरी ज्या घराच्या छतावरून तारे पाहत, ते घर अल-सूफींनी पाहिलं. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर ठेवूनही, त्यांच्या ग्रंथात प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा ऐकीव माहिती जास्त आहे असं अल-सूफींनी लिहून ठेवलं. मोठ्या माणसाचा आदरही करायचा आणि त्याची चूकही दाखवायची, हे त्यांना जमलं.

पुढची बरीच वर्षं ते बुवैही घराण्याच्या अमीर अदुदुद्दौला यांच्या दरबारात होते. आधी इस्फहान, मग शिराज. हा अमीर त्यांच्यापेक्षा तेहतीस वर्षांनी लहान. राज्य वाढवणारा, धरणं आणि इस्पितळं बांधणारा. शिराजजवळच्या कोर नदीवरचा बंद-ए-अमीर हा बंधारा त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि बगदादचं अदुदी इस्पितळही त्याचंच. स्थिर ताऱ्यांचं ज्ञान आपल्याला अल-सूफींकडून मिळालं, हे तो अभिमानाने सांगत असे. आपल्या उस्तादांची नावं अशी घेणारा बादशहा आम्हाला तरी आवडला.

त्याच्यासाठी अल-सूफींनी आकाशाचा एक चांदीचा गोल बनवला होता. वजन तीन हजार दिरहम. दोघेही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो कैरोच्या ग्रंथालयात पाहिल्याची नोंद आहे. त्यांनी उस्तुरलाबवरही मोठा ग्रंथ लिहिला. उस्तुरलाब म्हणजे तबकडीसारखं पितळी यंत्र. सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजून वेळ काढायची, नमाजच्या वेळा बांधायच्या, किबल्याची दिशा शोधायची, अशी शेकडो कामं त्यावर होत.

पण त्यांचं नाव राहिलं ते एकाच ग्रंथामुळे. किताब सुवरुल कवाकिब अस-साबिता, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आकृतींचा ग्रंथ. साल 964, तेव्हा ते साठीला आले होते. आयुष्यभर पाहून झाल्यावर लिहिलेला ग्रंथ आहे हा.

त्यांच्या आधी आठशे वर्षं ताऱ्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द होता यवन विद्वान बतलीमूसचा, म्हणजे टॉलेमीचा. त्याने 48 तारकासमूह आणि हजाराहून थोडे अधिक तारे नोंदले होते. अल-सूफींनी तोच साचा घेतला. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ताऱ्यांच्या जागा त्यांनी नव्याने मोजल्या नाहीत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे शतकं उलटली की सगळ्या ताऱ्यांचे रेखांश सरकल्यासारखे दिसतात. टॉलेमी म्हणे शंभर वर्षांत एक अंश. मामून रशीदच्या काळातल्या निरीक्षकांनी काढलं होतं की 66 वर्षांत एक अंश. अल-सूफींनी हा दुसरा हिशोब धरून प्रत्येक ताऱ्याच्या रेखांशात 12 अंश 42 कला मिळवल्या. आज आपल्याला माहीत आहे की खरा आकडा जवळपास 72 वर्षांचा. म्हणजे तेही चुकले, पण टॉलेमीपेक्षा पुष्कळ कमी.

मग त्यांचं स्वतःचं काय? ताऱ्यांचं तेज. एकेक तारा डोळ्यांनी पाहून, शेजारच्या ताऱ्याशी ताडून, हा दुसऱ्या प्रतीचा, हा तिसऱ्याचा पण जरा मोठा, असं त्यांनी लिहिलं. जिथे टॉलेमीशी पटलं नाही, तिथे तसं स्पष्ट नोंदवलं. हे किरकोळ वाटेल, पण दुर्बीण नसताना उघड्या डोळ्यांनी हजारेक ताऱ्यांचं तेज लावणं किती कष्टाचं आहे ते एकदा गच्चीवर जाऊन बघा. दहा ताऱ्यांत मान दुखायला लागते. त्यांची ही कोष्टकं एवढी कामाची होती की 1874 मध्ये शेलेरुप या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने अख्ख्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर छापलं. आपल्या काळातल्या तेजाशी नऊशे वर्षांपूर्वीचं तेज ताडून पाहता यावं म्हणून.

ग्रंथातली चित्रं ही आणखी एक मजा. प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं: एक जमिनीवरून वर पाहिल्यावर दिसतं तसं, दुसरं आकाशाच्या गोलावर बाहेरून पाहिल्यावर दिसतं तसं, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं. यंत्र बनवणाऱ्या कारागिराचा आणि आकाश पाहणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून ही सोय. ऑक्सफर्डमध्ये एक जुनी प्रत आहे, तिच्यावर हिजरी 400 चं साल आहे. ती त्यांच्या मुलाच्या हातची असं बरीच वर्षं मानलं गेलं. अलीकडे काही अभ्यासक त्यावर शंका घेतात.

यवन आकृतींच्या शेजारी त्यांनी अरबांची जुनी नावंही दिली. हीच नावं पुढे लॅटिनमार्गे जगभर गेली. ज्याला आपण मराठीत रोहिणी म्हणतो ती अद-दबरान, इंग्रजीत अल्डेबरान. अभिजित म्हणजे अन-नस्र अल-वाकी, तो झाला व्हेगा. श्रवण म्हणजे अन-नस्र अत-ताइर, तो झाला अल्टेअर. उर्दू जाणणाऱ्यांना ताइर म्हणजे उडणारा हे सांगायला नको. देवयानी तारकासमूहात मिराक नावाचा तारा आहे. हे नाव मिअजर या अरबी शब्दाचं बिघडलेलं रूप, आणि तो शब्द इजारच्या घरचा. आपली मराठी विजार त्या इजारचीच बहीण. हे सांगितल्यावर वर्गात जे हसू फुटलं, त्यानंतर तो तारा कोणी विसरलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ, कारण मेसेज होता तो याच देवयानीबद्दल.

देवयानीला अरबीत अल-मरआ अल-मुसलसला म्हणतात, साखळदंडात बांधलेली बाई. सिलसिला, मुसलसल, सगळे त्याच धातूचे शब्द. यवनांच्या या बाईच्या आकृतीवरच अरबांच्या परंपरेत एक मोठा मासा होता. ताऱ्यांच्या दोन वाकड्या ओळींनी त्याचं अंग बनायचं. त्या माशाच्या तोंडापाशी अल-सूफींनी एक ढगाळ डाग नोंदवला, आणि चित्रात माशाच्या तोंडावर ठिपक्यांचा पुंजका काढला. टॉलेमीच्या यादीत हा डाग नाही. जगात आज हाती असलेली त्याची ही सगळ्यात जुनी लेखी नोंद.

बस्स. एवढंच. त्यांनी याला शोध म्हटलं नाही, आपलं नाव दिलं नाही, हे काय आहे याचा अंदाजही बांधला नाही. माशाचं वर्णन करताना ओघात उल्लेख केला, जणू पाहणाऱ्यांना तो माहीतच होता. कदाचित बदूंना तो आधीपासून दिसत असेल. तेव्हा अल-सूफींनी दीर्घिका शोधली असं म्हणणं त्यांच्या तोंडी नसलेला दावा घालणं आहे. दीर्घिका ही कल्पनाच तेव्हा कोणापाशी नव्हती. पण जो माणूस जे दिसलं ते लिहितो आणि जे कळलं नाही त्यावर मत देत नाही, त्याची नोंद हजार वर्षांनीही कामाला येते.

मुलांसाठी दोन शब्द इथेच समजावून घेऊ. आकाशगंगा म्हणजे आपण ज्यात राहतो तो ताऱ्यांचा प्रचंड समूह; उर्दूत कहकशां. आपला सूर्य त्यातला एक तारा, सूर्याभोवती आठ ग्रह, ही आपली सूर्यमाला. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण आठ मिनिटं लागतात, शेवटच्या नेपच्यूनपर्यंत चार तास. सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडून यायला मात्र चार वर्षांहून जास्त. आणि आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक लाख वर्षं. अशा समूहाला सर्वसाधारण नाव दीर्घिका. आकाशगंगा ही आपली दीर्घिका, आणि तिच्याबाहेर अगणित दुसऱ्या आहेत.

अल-सूफींच्या त्या डागाकडे 1612 मध्ये जर्मनीच्या सायमन मारियसने दुर्बिणीतून पाहिलं. 1764 मध्ये फ्रान्सच्या मेसियेने आपल्या यादीत त्याला 31 वा क्रमांक दिला. तरी तो काय आहे हे कळेना. आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग, की लांबची दुसरी दुनिया? विद्वानांत दोन तट पडले.

1912 मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी या डागाचा प्रकाश लोलकातून पसरवून त्याचा पट्टा काढला. अंधुक प्रकाश, त्यामुळे एकेका फोटोला तासन्‌तास लागत. अशा पट्ट्यात काळ्या रेषा असतात, कॅल्शियमसारख्या मूलद्रव्यांच्या खुणा. प्रत्येक रेषेची जागा ठरलेली. स्लायफर यांना त्या रेषा आपल्या जागेवरून निळ्या बाजूला सरकलेल्या दिसल्या.

याचा अर्थ कळायला रेल्वे फाटकावर उभं राहा. गाडी शिट्टी वाजवत येते तेव्हा आवाज बारीक, तीक्ष्ण वाटतो. पुढे निघून गेली की तोच आवाज एकदम जाडा होतो. येताना ध्वनीच्या लहरी दाबल्या जातात, जाताना ताणल्या जातात. प्रकाशही लहरच आहे. वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरी आखूड होऊन निळ्याकडे झुकतात, दूर जात असेल तर लांब होऊन तांबड्याकडे. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत ताम्रसृती म्हणतात. स्लायफर यांचा हिशोब असा निघाला की माशाच्या तोंडावरचा हा ढग सेकंदाला 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतोय. तोवर मोजलेला कोणत्याही आकाशस्थ वस्तूचा हा सगळ्यात मोठा वेग. यातला बराच भाग खरं तर आपलाच आहे, कारण सूर्यमाला स्वतः आकाशगंगेभोवती फिरते. तो वजा केला तर सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर उरतात.

पुढच्या काही वर्षांत स्लायफर यांनी असे आणखी डाग तपासले. बहुतेक सगळे तांबड्याकडे सरकलेले, म्हणजे आपल्यापासून दूर पळणारे. देवयानीसारखे जवळ येणारे अगदी थोडे. विश्व पसरतंय हे 1929 मध्ये हबल यांनी दाखवलं, त्याला हे आकडे पायाचे ठरले.

आणि 1923 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी त्या डागात एक तारा पकडला, जो ठरावीक दिवसांनी तेजस्वी आणि मंद होत होता. अशा ताऱ्यांच्या कालावधीवरून त्यांचं खरं तेज कळतं हे हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी आधीच दाखवलं होतं. खरं तेज आणि दिसणारं तेज ताडलं की अंतर निघतं. हबल यांचा आकडा आला नऊ लाख प्रकाशवर्षं. आज तो पंचवीस लाखांच्या घरात आहे. म्हणजे हबलही चुकले, पण उत्तर मिळालं: हा ढग नव्हे, आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका. ताऱ्यांचं तेज ताडून पाहण्याचं जे काम अल-सूफी शिराजमध्ये डोळ्यांनी करत होते, त्याच जातीचं काम होतं हे.

तर कोणी काही दाबून टाकलं नाही. उलट आज या दीर्घिकेची ओळख करून देणाऱ्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत पहिलं नाव अल-सूफींचंच असतं. आम्ही तो मेसेज पुढे पाठवलेल्या ग्रुपवर हे सगळं लिहिलं. एका चुलत्यांनी विचारलं की कशाला आपल्याच माणसाचं कमी करतोस. आम्ही एवढंच म्हटलं की चाचा, कमी नाही केलं, त्यांनी जे केलं ते सांगितलं. चाचांना पटलं असं वाटत नाही.

अमीर अदुदुद्दौला 983 मध्ये वारले. म्हातारे उस्ताद मागे राहिले. 25 मे 986 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी, शिराजमध्ये अल-सूफींचा इंतिकाल झाला.

ग्रंथ मात्र फिरत राहिला. 1250 मध्ये नसीरुद्दीन तूसी यांनी त्याचं फारसी भाषांतर केलं. समरकंदच्या उलुग बेग यांनी 1437 ची आपली ताऱ्यांची यादी बहुतांश नव्याने मोजून केली. पण समरकंदवरून न दिसणारे दक्षिणेकडचे 27 तारे त्यांनी अल-सूफींकडून घेतले आणि तसं नमूद केलं. हिंदुस्थानात शाहजहानच्या काळात लुत्फुल्लाह मुहंदिस यांनी पुन्हा फारसी केलं. हे लुत्फुल्लाह म्हणजे ताजमहालचे मुख्य वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. त्यांचे सख्खे भाऊ अताउल्लाह यांनी औरंगाबादचा बीबी का मकबरा उभारला, आणि भास्कराचार्यांचं बीजगणितही फारसीत नेलं. एकाच घरात एक भाऊ शिराजचे तारे आणतो, दुसरा भास्कराचार्यांचं गणित नेतो. मकबऱ्याला सहल नेतो तेव्हा आम्ही मुलांना हे दाराशीच सांगतो. मूळ अरबी ग्रंथ 1954 मध्ये हैदराबादच्या दायरतुल मआरिफने छापला, तेव्हा आपला मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता.

आता पाहायचं कसं ते सांगतो. डिसेंबरच्या मध्यास, अमावास्येच्या आसपास, इशाच्या सुमारास गावाबाहेर जा. शहरात दिसणार नाही, प्रयत्नही करू नका. डोक्यावर जरा पश्चिमेला भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून पुढे चालत मिराकवर या, म्हणजे विजारवर. तिथून उत्तरेला शर्मिष्ठेच्या वाकड्यातिकड्या आकृतीकडे वळा, दोन मंद तारे ओलांडा. दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी शेजारी. थेट रोखून पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा, म्हणजे अंधुक वस्तू जास्त बरी दिसते.

आम्ही मुलांना घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा ढग होते, खरे ढग. दुसऱ्यांदा कोणाच्या तरी लग्नाचे दिवे. तिसऱ्या वेळी अठरापैकी अकरा मुलांना दिसलं. परतल्यावर प्रत्येकाला दिसलं तेवढंच वहीत लिहायला सांगितलं. ज्या मुलाने मेसेज वाचला होता, त्याने लिहिलं की फुंकर मारून काच धुरकट होते तसा डाग, लांबट, मधे जरा उजळ. सात जणांनी लिहिलं की काही दिसलं नाही. त्यांनाही आम्ही पूर्ण गुण दिले.